लेकीसाठी जुनी गाडी घेताना

धाकट्या दिरांनी त्यांची बारा वर्षे जुनी गाडी आमच्या लेकीला देऊ केली, तेव्हा त्यांना नको म्हणायला मला आठ दिवस लागले. गाडी घरातलीच होती, तिच्यावर आजवर काय काय गुदरले हे आम्हाला ठाऊक होते, भाऊजींनी तिला जीव लावलेला होता आणि साठ हजार ही रक्कमही त्यांनी केवळ नात्याखातर सांगितली होती. यजमानांचा कल ती घेण्याकडे होता. इंजिनाबद्दल मलाही शंका नव्हती. परंतु त्या गाडीत एअरबॅग नव्हती आणि एबीएसही (जोरात ब्रेक दाबला तरी चाके अडकू न देणारी यंत्रणा) नव्हते, आणि जी मुलगी आयुष्यात पहिल्यांदा एकटी रस्त्यावर गाडी काढणार तिच्या गाडीत नेमक्या याच दोन गोष्टी नसाव्यात, हे माझ्या मनाला पटत नव्हते. "वहिनी, आपण सगळे याच गाडीत हिंडलो ना," असे भाऊजी म्हणाले, आणि ते खरेच होते. मी त्यांना एवढेच म्हटले की तेव्हा गाडी तुम्ही चालवत होता, तुमचा हात पंचवीस वर्षांचा आहे. तिचा अजून तीन महिन्यांचाही नाही.

आमचे गाव बाभूळगाव तालुक्यात, यवतमाळपासून एकतीस किलोमीटरवर आहे आणि मी जवळच्याच जिल्हा परिषद शाळेत शिकवते. लेक यवतमाळला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. तिची प्रात्यक्षिके संपेपर्यंत साडेपाच होतात, त्यानंतरची एसटी तिला फाट्यावर सोडते आणि फाट्यापासून गाव चार किलोमीटर आत आहे. हिवाळ्यात फाट्यावर ती उतरेपर्यंत पूर्ण अंधार पडलेला असतो, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत यजमानांना किंवा मला रोज तिला आणायला जाणे जमत नव्हते. स्कूटर घेऊन देण्याचा विचार आम्ही केला होता, परंतु त्या रस्त्यावर रात्री मालमोटारी, मागे दिवा नसलेल्या कापसाच्या बैलगाड्या आणि अचानक आडवे येणारे रोही (नीलगाई) यांची मला भीती वाटत होती. रोह्याला दुचाकी धडकून माणसे कायमची अधू झालेली आम्ही आसपासच्या गावांत पाहिलेली आहेत.

खरे तर हा विषय आदल्या वर्षीच निघाला होता. तेव्हा ती सतरा वर्षांची होती, आणि गावातल्या रस्त्यावर कोण विचारतो, असे म्हणणारे घरात दोघेतिघे होते. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९९ अ घातले गेले आहे. त्यानुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीमालक यांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. हे सगळे सांगितल्यावर घरातील बोलणे थांबले. ऑगस्ट २०२४ मध्ये ती अठरा वर्षांची झाली, सप्टेंबरमध्ये शिकाऊ परवाना निघाला, यवतमाळच्या एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये ती महिनाभर शिकली आणि नोव्हेंबरमध्ये चाचणी देऊन तिला पक्का परवाना मिळाला. परवाना हातात येईपर्यंत एकही गाडी पाहायची नाही, हे मी ठरवूनच ठेवले होते, कारण गाडी दारात उभी असली की शिकण्याची घाई होते.

आमच्या घरात मोठ्या खर्चाचा हिशेब क्विंटलात होतो. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. एकूण साडेचार लाखांच्या आत बसवायचे, त्यातील चाळीस हजार गाडी घेतल्यानंतरच्या कामासाठी बाजूला ठेवायचे आणि उरलेल्यातून विम्याचा व नावावर करण्याचाही खर्च भागवायचा, असे आम्ही ठरवले. ही चाळीस हजारांची रक्कम मी अगदी शेवटपर्यंत घराबाहेर कुणाला सांगितली नाही. जुन्या गाडीला टायर, बॅटरी, ब्रेक यांपैकी काही ना काही लागतेच, आणि सौद्यातच सगळे पैसे संपले की माणूस गुळगुळीत टायरवर सहा महिने काढतो. नवशिक्या चालकाच्या बाबतीत ते सहा महिनेच सर्वांत जोखमीचे असतात.

कोणत्या वर्षाची गाडी पाहायची, यासाठी मला कायद्यातील तारखांचा फार उपयोग झाला. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले. १ जुलै २०१९ पासून चालकासाठी एअरबॅग, सीटबेल्ट न लावल्यास वाजणारी सूचना आणि मागे घेताना वाजणारे सेन्सर बंधनकारक झाले. पुढच्या दोन्ही आसनांसाठी एअरबॅग सर्व मोटारींना सक्तीच्या व्हायला जानेवारी २०२२ उजाडले. म्हणजे २०१९ ते २०२१ या काळातील गाडी घेताना चालकापुढे एअरबॅग असणार, शेजारी असेलच असे नाही, आणि तिथे त्या गाडीचा नेमका प्रकार कोणता हे पाहावे लागते. एकाच नावाच्या गाडीच्या खालच्या प्रकारात एक एअरबॅग आणि वरच्या प्रकारात दोन, असे त्या काळात सर्रास होते. विकणारा माणूस "यात एअरबॅग आहे" एवढेच सांगतो, किती आहेत ते विचारल्याशिवाय सांगत नाही.

भारत एनकॅप ही गाड्यांच्या सुरक्षिततेची आपली चाचणी ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाली, त्यामुळे आमच्या पैशांत बसणाऱ्या जुन्या गाड्यांसाठी ग्लोबल एनकॅपचे निकालच पाहावे लागले. ताशी ६४ किलोमीटर वेगाने गाडी समोरून अर्धवट धडकवून आतल्या पुतळ्यांना किती इजा होते, ते त्यात मोजतात. लेकीने मोबाइलवर ते निकाल एकेक करून काढले आणि वहीत लिहून घेतले. टाटा टियागोला जानेवारी २०२० मध्ये मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाचपैकी चार आणि मुलांच्या सुरक्षेसाठी तीन तारे मिळाले होते. आमच्या गावात दिसणाऱ्या काही गाड्यांना त्याच चाचणीत दोनच तारे होते आणि त्या गाड्यांची किंमत मात्र जुन्या बाजारात जास्त होती, कारण त्या ॲव्हरेज चांगला देतात आणि पुन्हा विकल्या जातात. ॲव्हरेज हा आमच्याकडे गाडीबद्दलचा पहिला प्रश्न असतो. मी तो मुद्दाम शेवटचा केला.

डिझेलचा विचार आम्ही लवकर सोडला, कारण जुन्या डिझेल गाडीचा टर्बो किंवा इंजेक्टर बिघडला तर दुरुस्तीचा खर्च आमच्या आवाक्याबाहेर गेला असता. आपोआप गिअर बदलणारी गाडी लेकीला हवी होती. तिला नाही म्हणताना मला वाईट वाटले, पण ज्या गाडीचे काम बाभूळगावच्या गॅरेजमध्ये होणार नाही ती गाडी बिघडली की टोइंग करून यवतमाळला न्यावी लागणार, आणि पावसाळ्यात पांदण रस्त्यावर बंद पडली तर तेही होणार नाही.

या साऱ्या शोधात आमचा खरा आधार होता तो बाभूळगावचा एक मिस्त्री. पूर्वी त्याने एका कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर नऊ वर्षे काम केले आहे. प्रत्येक गाडी पाहण्याचे पाचशे रुपये आणि जाण्या-येण्याचे पेट्रोल असे आम्ही त्याच्याशी ठरवून घेतले. ओळखीचा माणूस आहे, फुकट येईल, असे यजमान म्हणत होते. मात्र ज्याला आपण पैसे देतो तो आपल्याला स्पष्ट सांगतो आणि सौदा व्हावा म्हणून गप्प बसत नाही, असे मला वाटत होते. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "मॅडम, रंग नका पाहू. रंग त पंधरा हजारात नवा होते. खालून पाहा, आतून पाहा, अन् इंजिन थंडं असताना पाहा." गाडी पाहायला जाण्यापूर्वी मालकाला फोन करून ती सुरू करून ठेवू नका असे सांगायचे आणि पोचल्यावर आधी बोनेटवर हात ठेवायचा, हे त्याने लेकीला शिकवले. गरम इंजिन लगेच सुरू होते आणि त्याचा धूरही लपतो. थंड इंजिन सुरू करताना निळसर धूर आला तर ऑइल जळते आहे, आणि ऑइलच्या झाकणाखाली ताकासारखा पांढरा फेस दिसला तर ऑइलमध्ये पाणी मिसळते आहे, असे समजायचे.

पहिली गाडी आम्ही आर्णी रस्त्यावरच्या एका विक्रेत्याकडे पाहिली. मीटरवर ४८,००० किलोमीटर होते आणि आसनांवर नवे कव्हर होते. लेकीने चालकाचे दार उघडून ठेवले आणि ती दाराच्या खांबावरचा ऑइल बदलल्याचा अर्धवट फाटलेला कागद वाचत उभी राहिली. त्यावर पुढची सर्व्हिस ८२,००० किलोमीटरला, असे पेनाने लिहिलेले होते. मीटर मागे केलेला होता. क्लचच्या पायाखालचे रबर घासून गुळगुळीत झालेले होते, तेही मग आमच्या ध्यानात आले. विक्रेत्याने तो कागद दुसऱ्या गाडीचा असेल असे सांगितले. आम्ही काही न बोलता परत आलो.

दुसऱ्या गाडीबद्दल मला सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण ती आम्ही घेतलीच असती. २०१९ च्या शेवटची, दोन एअरबॅग असलेली, चकचकीत पांढरी, नागपूर पासिंगची गाडी होती आणि बाजारभावापेक्षा साठ हजारांनी स्वस्त होती. मालकाची नागपूरहून यवतमाळला बदली झाली आहे आणि आता त्यांना मोठी गाडी घ्यायची आहे, असे विकणाऱ्याने सांगितले. गाडीत अत्तराचा दाट वास होता आणि पायाखालचा गालिचा कोरा होता. यजमानांनी इसाराचे पाच हजार खिशात घालूनच आणले होते. मिस्त्रीने मात्र चालकाचा सीटबेल्ट हळूहळू ओढायला सुरुवात केली आणि तो पूर्ण बाहेर येईपर्यंत ओढला. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर तपकिरी रेघ होती. रोज वापरताना तेवढा पट्टा कधी बाहेर येतच नाही, म्हणून गाडी धुणाऱ्याचेही तिकडे लक्ष गेले नसावे. त्यानंतर त्याने डिक्कीतली स्टेपनी काढली, तेव्हा तिच्याखालच्या खोबणीच्या कोपऱ्यात वाळलेला बारीक गाळ बोटाला लागला. आसनांच्या रुळांचे बोल्ट गंजलेले होते, आणि एका हेडलाइटच्या आत बाष्पाचे डाग होते. "मॅडम, ह्या गाडीनं पाणी पेलं हाय," असे तो हळू आवाजात म्हणाला.

नागपुरात २२ सप्टेंबर २०२३ च्या रात्री आणि २३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचे पाणी काठच्या वस्त्यांत शिरले, तेव्हा उभ्या असलेल्या असंख्य गाड्या बुडाल्या होत्या. ही गाडी त्यांपैकीच होती, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. परंतु तिचा विम्याचा कागद मागून घेतल्यावर मला आणखी एक गोष्ट दिसली. विमा वर्षभर न वापरला तर पुढच्या हप्त्यात सूट मिळते. ती पहिल्या वर्षानंतर वीस टक्के असते आणि सलग पाच वर्षांनी पन्नास टक्क्यांपर्यंत जाते. या गाडीच्या कागदावर चौथ्या वर्षाअखेरच्या नूतनीकरणात ती सूट शून्य झालेली होती. मालक तोच असताना सूट शून्य होते, याचा अर्थ बहुधा त्या वर्षात दावा झालेला असतो. त्याबद्दल विचारताच विकणाऱ्याने कागद परत घेतले.

पाण्यात बुडालेली गाडी नवशिक्यासाठी का घेऊ नये, हे मिस्त्रीने मला परतीच्या वाटेवर नीट समजावून सांगितले. इंजिन स्वच्छ करता येते, पण वायरिंगच्या जोडांमध्ये शिरलेला गाळ आणि गंज वर्ष-दोन वर्षांनी आपले रूप दाखवतो. कधी दिवे जातात, कधी गाडी चालता चालता बंद पडते. एअरबॅगचे नियंत्रण करणारा डबा बऱ्याच गाड्यांत गिअरच्या आसपास, खाली जमिनीलगत बसवलेला असतो आणि पाणी आधी तिथेच जाते. म्हणजे ज्या एअरबॅगसाठी आम्ही ती गाडी निवडत होतो ती वेळेला उघडली नसती, किंवा भलत्याच वेळी उघडली असती. त्या रात्री मला झोप आली नाही. यजमानही जागेच होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी इसाराचे पाच हजार माझ्या हातात देऊन, यापुढे पैसे तुझ्याजवळच ठेव, असे सांगितले.

त्यानंतर लेकीने स्वतःहून एक तपासणी आमच्या यादीत घातली. चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू करण्यापूर्वी, डॅशबोर्डवर एअरबॅगचा आणि एबीएसचा दिवा लागतो आणि काही क्षणांनी विझतो. एबीएसचा दिवा काही गाड्यांत इंजिन सुरू झाल्यावर विझतो. दिवा विझलाच नाही तर बिघाड आहे, आणि मुळात लागलाच नाही तर तो कुणी तरी काढून टाकलेला असण्याची शक्यता आहे. विझलेला दिवा आणि न लागलेला दिवा यांतील हा फरक मला स्वतःला कधीच सुचला नसता.

तिसरी गाडी धामणगावची होती. तिच्यावर बँकेचा बोजा होता. सातबाऱ्यावर बोजा पाहिल्याशिवाय आपण वावर घेत नाही, तसेच आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, हायपोथिकेशनची (गाडी कर्जापोटी तारण असल्याची) नोंद आहे का ते पाहावे. कर्ज फिटले असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ देऊन ती नोंद उतरवता येते. या मालकाचे कर्ज फिटलेले नव्हते आणि तो आमच्याच पैशांतून ते फेडणार होता. माणूस प्रामाणिक वाटला, पण आम्हाला तो धोका घ्यायचा नव्हता.

जानेवारी २०२५ मध्ये शाळेतल्या एका सहकारी बाईंकडून कळले की यवतमाळातील एक निवृत्त शिक्षक पती-पत्नी पुण्याला मुलाकडे कायमचे चालले आहेत आणि त्यांची टियागो विकायची आहे. मार्च २०२० ची नोंदणी, बीएस-६ पेट्रोल, दोन एअरबॅग, एकच मालक, मीटरवर ३८,००० किलोमीटर. आम्ही सकाळी सात वाजता पोचलो तेव्हा बोनेट दवाने ओले होते. सरांनी सर्व्हिसच्या पावत्यांची फाइल काढून ठेवली होती आणि सर्व्हिस सेंटरवर सोबत येऊन नोंदी दाखवण्याचीही तयारी दाखवली.

मिस्त्री खाली वाकून शॉकअप, लोअर आर्म आणि चाकांच्या सांध्यांवरचे रबर पाहत असताना लेक टायरवरचे आकडे वाचत होती. टायरच्या बाजूला चार आकड्यांत तो कोणत्या आठवड्यात आणि कोणत्या वर्षी तयार झाला ते छापलेले असते. चारही टायरवर आणि न वापरलेल्या स्टेपनीवर '०६२०' होते, म्हणजे २०२० चा सहावा आठवडा. तिने मला बाजूला घेऊन सांगितले, "आई, टायर गाडीसोबत आलेलेच आहेत. ऐंशी-नव्वद हजार चालली असती तर हे टायर टिकलेच नसते. म्हणजे अडतीस हजार खरे असतील." मीटरवरचा आकडा तिने दुसऱ्या पुराव्याशी पडताळून पाहिला, याचा मला किती आनंद झाला ते मी तिला तेव्हा सांगितले नाही. तिच्याच बोलण्यातून सौद्यातला आमचा मुद्दाही निघाला, कारण आमच्याकडच्या उन्हाळ्यात पाच वर्षे उभे राहिलेले रबर नक्षी शिल्लक असली तरी कडक झालेले असते, आणि मिस्त्रीने कडेच्या बारीक भेगा सरांना दाखवल्या.

गाडी आम्ही करळगावच्या घाटात नेली. चढावर दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये एसी लावून ती कशी ओढते, पाण्याचे तापमान वाढते का, उतारावर ब्रेक दाबताना स्टेअरिंग एका बाजूला जाते का, हे सगळे पाहून झाले. तीन सिलिंडरचे इंजिन असल्यामुळे उभ्या गाडीत थोडी थरथर जाणवते, ती दोष नाही, असे मिस्त्री म्हणाला. घाटाखाली मी लेकीला चालकाच्या जागी बसवले. ती पाच फूट उंचीची आहे. क्लच पूर्ण दाबताना तिची टाच उचलली जाते का, आसन पुढे घेतल्यावर छाती स्टेअरिंगच्या फार जवळ येते का, मागे घेताना तिला मागच्या काचेतून खरोखर काय दिसते, हे इतर कुणी चालवून कळण्यासारखे नाही. तिला आसन थोडे उंच करून घ्यावे लागले, आणि तसे केल्यावर तिला पुढचा रस्ता नीट दिसला. जमिनीपासूनची १७० मिलिमीटर उंची आमच्या फाट्यापासूनच्या रस्त्याला पुरेल, याची खात्री यजमानांनी गावातल्या दुसऱ्या एका टियागोवरून आधीच करून घेतली होती.

सरांनी चार लाख पंधरा हजार सांगितले होते. तीन लाख नव्वद हजारांवर सौदा ठरला, म्हणजे बावन्न क्विंटल कापूस. पैसे बँकेतून वळते केले, आणि गाडी ताब्यात दिल्याचा दिवस व वेळ लिहिलेल्या कागदावर दोघांच्या सह्या घेतल्या. त्या क्षणापर्यंतचा दंड त्यांचा आणि पुढचा आमचा. ई-चलन तपासले तेव्हा एक जुना दंड निघाला, तो सरांनी समोरच भरला. गाडी नावावर करण्याचे नमुना २९ आणि ३० त्याच आठवड्यात दाखल केले. हे काम रेंगाळू नये याची काळजी सरांनाही होती, कारण गाडी विकली तरी नोंदणीत ज्याचे नाव आहे त्याच्यावरच अपघाताच्या भरपाईची जबाबदारी येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलेले आहे. विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावे करून घेण्यासाठी अर्ज द्यायचा असतो. सरांनी साठवलेली हप्त्यातली सूट त्यांच्याबरोबर गेली, त्यामुळे आम्हाला फरकाचे काही हजार भरावे लागले.

गाडी नावावर कुणाच्या करायची, यावर घरात दोन दिवस बोलणे झाले. सासूबाई आणि भाऊजी यांचे म्हणणे होते की ती यजमानांच्या नावे असावी, कारण उद्या पोरगी सासरी जाईल. माझ्याकडे त्याला कायद्याचे उत्तर होते. विम्यात गाडीमालक-चालकासाठी पंधरा लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण असते, ते नोंदणीकृत मालकाला, तो स्वतः परवानाधारक असेल तरच लागू होते. यजमानांकडे मोटारीचा परवानाच नाही, आणि रोज गाडीत बसणार ती लेक. गाडी दुसऱ्याच्या नावे ठेवली तर ते संरक्षण तिला मिळाले नसते. मला त्यापलीकडचेही एक कारण होते आणि तेही मी सासूबाईंना सांगितले. या घरातले वावर, घर, विहीर, काहीही माझ्या नावावर नाही. ती सासरी गेली आणि गाडी तिच्याबरोबर गेली, तर मला त्याचा आनंदच होईल. सासूबाई बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग त्यांनी आरसीवर नाव पूर्ण लिहायला सांगा, बापाचे नाव विसरू नका, असे म्हटले.

बाजूला ठेवलेल्या रकमेतून चार टायर, बॅटरी, पुढचे ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल एवढे काम झाले आणि सात हजार उरले.

आरसी टपालाने आली त्या रविवारी आम्ही गाडी गावाबाहेरच्या मोकळ्या गोठाणावर नेली. भाऊजींनाही मी मुद्दाम बोलावले होते. एबीएस काम करते तेव्हा पायाखालचा ब्रेक थरथरतो आणि खडखड असा आवाज येतो. ज्याला हे माहीत नसते तो नेमक्या संकटाच्या क्षणी दचकून पाय उचलतो, म्हणून तिला तो धक्का आधीच ओळखीचा व्हावा अशी माझी इच्छा होती. मिस्त्रीने मुरमाच्या मोकळ्या पट्ट्यावर दोन दगड ठेवले. ती ताशी चाळीसच्या वेगाने आली आणि पहिल्या दगडापाशी तिने ब्रेक दाबला, पण आवाज होताच पाय सैल केला. दुसऱ्या वेळीही तसेच झाले. तिसऱ्या वेळी तिने पाय शेवटपर्यंत दाबून ठेवला, आणि ब्रेक दाबलेला असतानाच स्टेअरिंग फिरवून गाडी दुसऱ्या दगडाच्या बाजूने काढून थांबवली. धुरळा खाली बसेपर्यंत कुणी बोलले नाही. मग भाऊजी तिच्या खिडकीजवळ गेले आणि एकदा मला चालवू दे म्हणाले. ती शेजारच्या आसनावर सरकली, त्यांना सीटबेल्ट लावायला लावला आणि म्हणाली, "काका, थरथरलं तरी पाय उचलायचा नाही."